पाच भोकांचा कार्बन

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गोळा आहे. लिंबाएवढा, काळा रंग दिलेला. प्रयोगशाळेत मला कार्बन म्हणून आणले होते. पण कार्बनचे काम माझ्या वाट्याला थोडीच वर्षे आले. बाकीचा जन्म एकट्याने गेला.

रेणू डोळ्यांना दिसत नाही. तो मुलांना हातात घेऊन पाहता यावा म्हणून शाळेने आम्हा गोळ्यांची पेटी करून घेतली. काळा गोळा कार्बनचा, त्याला चार भोके. लाल ऑक्सिजनचा, त्याला दोन. पांढरा हायड्रोजनचा, त्याला एकच. भोकात काडी खोचायची आणि काडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा गोळा बसवायचा. ती काडी म्हणजे बंध. कोण किती बंध करू शकतो, त्या आकड्याला संयुजा म्हणतात. कार्बनची संयुजा चार. तो चार हातांनी इतरांना धरतो. आपल्याच भावंडांना धरून लांब साखळी करतो, नाहीतर गोल कडे करतो. साखर, तेल, कापूस, रॉकेल, सगळे या धराधरीतून झालेले. कार्बनच्या अशा संयुगांचा अभ्यास म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र.

आमची भोके पाडणारा सुतार तोंडाने मोजत असे. माझी चार झाली आणि त्याच्या आईने जेवायला हाक मारली. तो उठला. जेवून आला तेव्हा आकडा डोक्यातून गेला होता. तीन झाली असतील असे धरून त्याने आणखी एक पाडले. मग रंग देताना त्याच्या लक्षात आले की नाही, देव जाणे.

शाळेत पेटी उघडली तेव्हा रसायनाच्या सरांनी मला फिरवून पाहिले. "हा कसला कार्बन? मुलांच्या हाती लागला तर घोटाळा होईल," म्हणाले, आणि मला टेबलाच्या खणात टाकले. उरलेले सहा भाऊ पेटीत राहिले.

खणात एक मोडका चिमटा होता आणि खडूचे तुकडे. अंधारात मी धडे ऐकत असे. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन. दोन कार्बन एका काडीने जोडले तर एकेरी बंध, दोन काड्यांनी जोडले तर दुहेरी. सगळे एकेरी असतील तर संयुग संपृक्त, कुठे दुहेरी असेल तर असंपृक्त. मला सगळे पाठ झाले. पण मला धरायला कोणी नव्हते.

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या एक मावशी होत्या. एके वर्षी पेटीतला एक काळा गोळा हरवला. पुढच्या आठवड्यात बेंझिनचे कडे करून दाखवायचे होते आणि त्याला सहा कार्बन लागतात. मावशींनी खण उपसला. मी सापडलो. त्यांनी मेणात काजळी मळली, माझे पाचवे भोक बुजवले आणि अंगठ्याने घासून सारखे केले.

"जा बाबा भावांत," एवढेच म्हणाल्या.

त्या दिवशी मी कड्यात बसलो. एका बाजूच्या भावाला एका हाताने धरले, दुसऱ्याला दोन हातांनी, आणि चौथ्या हातात पांढरा हायड्रोजन. मुले कडे हातोहात फिरवत होती. अशी काही वर्षे गेली. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस तेवढेच.

मावशींना तेव्हा अक्षर येत नव्हते. बाटल्या त्या रंगावरून आणि बुचावरून ओळखत. चाळिशी उलटल्यावर त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून अक्षरे गिरवू लागल्या. मग घरी अभ्यास करून एकेक परीक्षा देत गेल्या. शेवटची विज्ञानाची राहिली. ती पास झाल्या तर त्यांना प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळणार होती. नापास झाल्या तर निवृत्तीपर्यंत धुणेच.

परीक्षेच्या दिवशी पेटी सकाळपासून उन्हात होती. मेण मऊ झाले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मावशींना इथिल अल्कोहोल करायला सांगितले. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. मावशींनी दोन काळे उचलले, त्यांत एक मी. गोळे चटचट बसले. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी माझ्या टोकाला लागली. अल्कोहोलचे गुण ज्या जोडीमुळे येतात तो हा क्रियात्मक गट, असे त्यांनी न अडखळता सांगितले. तेवढ्यात माझे मेण सुटून टेबलावर पडले.

परीक्षक वाकले. "बाई, एक भोक रिकामं दिसतंय. हायड्रोजन विसरलात का?" त्यांनी एक पांढरा गोळा पुढे सरकवला.

मी मनात म्हणालो, घाला मावशी, आणि सुटा. मला पेटीत राहायचे होते. मावशींनी पांढरा गोळा परत सरकवला.

"नाही साहेब. कार्बनला चारच बंध. हे पाचवं भोक सुताराचं आहे."

"भोक आहे तर भरायला नको?"

"चपलेला जादा भोक पडलं म्हणून पायाला सहावं बोट फुटतं का साहेब?"

परीक्षक हसले. बाजूला उभे असलेले आमचे रसायनाचे सर मात्र हसले नाहीत. "हा पेटीत आला कसा?"

मावशींनी टेबलावरचे मेण उचलून दाखवले. "मीच घातला, मेण लावून. एक कमी पडत होता."

"मग मला सांगायचं ना, मावशी."

"दोनदा सांगितलं, सर. तुम्ही म्हणालात, अर्ज लिहून द्या. तेव्हा लिहिता कुठं येत होतं?"

सरांनी मान खाली घातली. मावशींनी मला रेणूतून सोडवले, टेबलाच्या कडेला ठेवले आणि माझ्या जागी दुसरा कार्बन बसवला.

त्या पास झाल्या. सहायक झाल्यावर पहिला अर्ज त्यांनी नव्या काळ्या गोळ्यासाठी लिहिला. तो आला, चार भोकांचा, आणि कडे माझ्यावाचून पुरे झाले.

मला त्यांनी एका धुतलेल्या बाटलीत ठेवले. "तुला आत घालता येत नाही रे. पोरं चुकतील," म्हणाल्या, आणि बाटलीवर मोठ्या, तिरक्या अक्षरांत चिठ्ठी लिहून चिकटवली.

मावशींना निवृत्त होऊन खूप वर्षे झाली. आता रेणू पडद्यावर रंगीत होऊन फिरतात, आणि पेटीही फारशी उघडत नाही. परवा नव्या सहायकाने कपाट साफ केले. तुटकेफुटके सगळे टोपलीत गेले. माझी बाटलीही टोपलीवर आली होती. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि बाटली पुसून फळीवर ठेवली. चिठ्ठीवर लिहिले आहे: पाच भोके. पेटीत घालू नये. फेकू नये.

मित्रांनो, चुकीची वस्तू वेगळी ठेवावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ठेवाल तेव्हा का ठेवली ते लिहा. आणि खाली मावशींचे शेवटचे दोन शब्दही लिहा.