पायरीवरची मुलगी

युवा केंद्र होतं एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्याच्या तळघरात. कारखाना गेला, यंत्रं भंगारात गेली, पण भिंतींतून फिरणारे जाडजूड पाइप तेवढे राहिले. वरच्या बिऱ्हाडांत कुणी नळ सोडला की खाली ते टकटक वाजायचे, आणि वर कुणी भांडलं तर भांडणाचे दोन शब्दही घरंगळत खाली यायचे. नव्या माणसाला पहिले काही दिवस दचकायला व्हायचं. मग सवय व्हायची.

संध्याकाळी तिथे पोरं जमत. शाळेतून आलेली, शाळेतून काढलेली, घरात जागा नसलेली, जागा असून मन नसलेली. टेबल टेनिसचं एक टेबल, फाटका सोफा आणि रस्त्यावरून खाली उतरणारा दगडी जिना, एवढाच तिथला संसार.

विद्यापीठातून दर सत्राला एक विद्यार्थी तिथे यायचा. युवाकार्य शिकणाऱ्यांना ते चुकत नसे. वर्गात काय शिकायचं ते शिका, मग कुणा मुरलेल्या माणसाच्या नजरेखाली प्रत्यक्ष पोरांत उतरा. मुलगा आला तर पोरं त्याला कॉलेजदादा म्हणत, मुलगी आली तर कॉलेजताई. खरं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ते तोंडात बसेपर्यंत माणूस निघूनच जायचा.

यंदाची कॉलेजताई आधी एका वसतिगृहातल्या प्रात्यक्षिकात नापास होऊन आली होती. 'मुलांशी नातं जुळत नाही' असा शेरा मिळाला होता. इथेही तोच मिळाला असता तर अभ्यासक्रमातून तिचं नाव कटलं असतं. घरी दादा जेवताना चिमटे काढायचा, "पोरांशी गप्पा मारण्यातसुद्धा लोक नापास होतात, हे आपल्याच घराण्यात पाहिलं बुवा." आई म्हणायची, "गप रे," पण तिच्याही ओठाचा कोपरा हलायचा. ते हलणं कॉलेजताईला फार लागायचं.

आणि इथे तरी काय वेगळं होतं? उंट नावाचा एक लांबलचक पोरगा होता. तिने त्याला विचारलं, "कसा आहेस?"

"उभा."

"शाळा कशी चाललीय?"

"चालत नाही. तिथेच असते."

पिन नावाची एक चिमुरडी होती, जीभ नावासारखीच. ती म्हणाली, "कॉलेजताई, तू प्रश्न विचारलास ना, की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं."

केंद्र चालवायची ती बाई उतारवयाची होती. सगळे तिला आत्या म्हणत, कारण ती रागवायची आत्यासारखी आणि रागावून झालं की खिशातून गोळी काढून द्यायचीही आत्यासारखीच. विद्यापीठाच्या लेखी ती कॉलेजताईची मार्गदर्शक. दर गुरुवारी पोरं यायच्या आधी दोघी जुन्या बॉयलरच्या खोलीत बसत, दार लावून, दोन स्टुलांवर. त्याला बैठक म्हणायचं. शिकणाऱ्याने आठवड्यातल्या एका पोराबद्दल बोलायचं: ते काय म्हणालं, आपण काय म्हणालो, त्या वेळी आपल्या पोटात काय झालं. आत्याचा एकच नियम होता. नाव घ्यायचं नाही.

"या पाइपांतून शब्द कुठल्या कुठे जातो," ती म्हणायची. "नाव पोराचं असतं. ते हॉलमध्येच राहू दे. इथे नुसतं 'लाल टोपीवाला', 'खिडकीतली', असं सांग."

कॉलेजताई दर गुरुवारी म्हणायची, "काही विशेष नाही." आत्याने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाली, "पुढच्या वेळीही हेच असलं तर मला विद्यापीठातल्या तुझ्या सरांना तसं कळवावं लागेल हो. राग नाही तुझ्यावर. पण खोटं मी कळवणार नाही."

पुढचा गुरुवार आला. बॉयलरवर एका सांध्यातून पाणी ठिबकत होतं. तिकडे बघत कॉलेजताई म्हणाली, "एक मुलगी आहे."

"कुठली?"

"पायरीवर बसते. शेवटच्या. करडा स्वेटर घालते, बाह्या तळहातावर ओढून. केस ओले असतात. तुम्ही आत असलात की येते, मोठं माणूस दिसलं की उठून जाते."

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"मग तू काय केलंस?"

"मीही काही नाही. नुसती शेजारी बसले."

आत्या पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसली. "नुसतं बसणं फार थोड्यांना जमतं गं," ती म्हणाली.

त्या एका हसण्याने घात केला. दुसऱ्या आठवड्यात मुलगी बोलायला लागली. "मी घरी गेले तरी कुणाला कळत नाही," ती म्हणाली, म्हणजे कॉलेजताई म्हणाली की ती म्हणाली. त्यानंतर म्हणाली, "तू पण जाणार ना? सगळेच जातात." आणखी एकदा म्हणाली, "मला इथेच बसू दे." प्रत्येक वाक्य कॉलेजताई घरून येताना बसमध्ये जुळवायची, कुठे थांबायचं तेसुद्धा ठरवून. बॉयलरच्या खोलीत ती ते सांगायची, आत्या डोळे मिटून ऐकायची आणि पाइप टकटक वाजायचे.

मग कॉलेजताईला ताप आला. दोन-चार दिवस अंथरुणात काढून ती परत आली, तेव्हा आत्या दारातच भेटली.

"तुझी येऊन गेली."

"माझी कोण?"

"अगं, पायरीवरची! या वेळी मला बघून पळाली नाही. केस किती ओले तिचे! टॉवेल दिला, मीच पुसले. पुसले की पुन्हा ओलेच. तुझी वाट बघत होती."

कॉलेजताईला वाटलं, आत्या थट्टा करते आहे. पण आत्या थट्टा करायची तेव्हा तिची हनुवटी वर जायची, आणि आत्ता ती जागच्या जागी होती. पाठीमागून पिन म्हणाली, "ती ना? बोअर आहे. तेच तेच बोलते."

त्याच संध्याकाळी ती आली. वरचं दार वाजलं नाही, पावलं वाजली नाहीत. कॉलेजताई सोफ्यावरच्या उशा नीट करून वळली, तर शेवटच्या पायरीवर करडा स्वेटर होता. बाह्या तळहातावर ओढलेल्या. केसांतून पाणी दगडावर ठिबकत होतं आणि बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

पळून जावंसं वाटलं तरी पळायचा जिना तोच होता. ती जवळ गेली. चेहरा कसा आहे हे तिने बैठकीत कधी सांगितलंच नव्हतं. चेहरा होता, नाही असं नाही. पण नजर हलवली की तो आठवत नव्हता.

"मी घरी गेले तरी," मुलगी म्हणाली आणि थांबली. बसमध्ये ठरवलं होतं, नेमकं तिथेच. मग म्हणाली, "कुणाला कळत नाही."

"घर कुठे तुझं?" कॉलेजताईने कसंबसं विचारलं.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. नाटकात ओळ विसरलेलं पोर विंगेकडे बघतं तशी. "ते तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"नाव?"

"तेही नाही."

"मग इथून जातेस कुठे?"

"मला इथेच बसू दे," मुलगी म्हणाली. विनवणीचा सूरसुद्धा कॉलेजताईचाच होता, वसतिगृहातून निघताना तिने वापरलेला.

त्यानंतर ती रोज आली. उंटाने एकदा तिला विचारलं, "खेळतेस का?" तिने तीच तीन वाक्यं ओळीने म्हटली. उंट खांदे उडवून गेला. हॉल बंद करताना आत्या तिला वर रस्त्यापर्यंत सोडायची, आणि कुलूप लावायला परत आली की ती खाली पायरीवरच. आत्याची झोप उडाली. बालसंरक्षणाच्या कचेरीतली बाई येऊन गेली, पण नाव नाही, पत्ता नाही, काय नोंदवणार?

विद्यापीठातले सर मात्र खूश होते. आत्याकडून त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी फोन केला, "शेवटच्या बैठकीला मी येतो. असं नातं जुळलेलं मी क्वचित पाहिलंय. वर्गासमोर सांगावं लागेल हं तुला." घरी तिने हे सांगितलं तेव्हा दादाचा घास हातातच राहिला. आईने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

शेवटच्या गुरुवारी सर यायला अवकाश होता. दोघी बॉयलरच्या खोलीत बसल्या.

"सर येण्याआधी मला सांग," आत्या म्हणाली. "तू उद्यापासून नाहीस. तिला तसं सांगितलंस का? काय म्हणाली?"

सांगायचं वाक्य कॉलेजताईने तयार ठेवलं होतं. 'ती आता येणार नाही, तिचं सगळं मार्गी लागलं.' एवढं बोललं की झालं. या खोलीत बोललेलं तसंच घडतं, हे तिला आता पक्कं कळून चुकलं होतं. पायरी कोरडी होईल. ती पास होईल. आई पुन्हा भात वाढेल.

पण मार्गी लागून ती पोर जाणार कुठे? तिला घर दिलेलं नव्हतं, आई दिलेली नव्हती, नाव नव्हतं. वाक्य संपलं की दिवा मालवावा तशी ती नाहीशी होणार, आणि ओल्या केसांचं कुणालाच काही वाटणार नाही. पाइप एकदा टकटकला. मग थांबला. जणू ऐकायला.

"आत्या," ती म्हणाली, "ती मी बनवली."

"काय बनवली?"

"सगळी. स्वेटर, केस, बोलणं. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, म्हणून. आणि मग ती आली."

आत्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. स्टूल कुरकुरलं.

"मला पहिल्यांदा शंका आली होती," ती म्हणाली. "खरं पोर इतकं नीट बोलत नाही. म्हटलं, दमशील आणि सांगशील. मग ती दारात उभी राहिली, तेव्हा माझीच मला लाज वाटली, तुझ्यावर संशय घेतला म्हणून." तिने पदराने चेहरा पुसला. "सरांना मी सांगणार. तू नापास."

"हो."

"घरी जा आता."

"आणि तिचं काय?"

"तिचं काय ते मला काय विचारतेस?" आत्याचा आवाज तिच्यावर पहिल्यांदाच चढला. "मी इतकी वर्षं पोरं सांभाळली, ती कुठून ना कुठून आलेली होती. ही कुठून आली ते तुला ठाऊक. नापास झालेल्याला खाली उतरायची बंदी नाही. दार सगळ्यांना उघडं असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजताई आली. आता ती कॉलेजताईही नव्हती, पण पोरांना दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही. "नापास झालीस म्हणे," उंट म्हणाला. "मीपण. बस." कुठल्याही संध्याकाळपेक्षा हे तो जास्त बोलला होता.

ती शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारून लोकरीचा ओलसर वास येत होता. आज तिने बसमध्ये काहीच जुळवलं नव्हतं.

"मी घरी गेले तरी कुणाला कळत नाही," मुलगी म्हणाली.

"ते माझं होतं," ती म्हणाली. "माझ्या घरचं. तुला दिलं. चुकलं माझं."

"तू पण जाणार ना? सगळेच जातात."

"तेही माझं."

"मला इथेच बसू दे."

"बस की. मीही बसते."

तीनही वाक्यं संपली. पुढे काही नव्हतं. मुलगी तिच्याकडे बघून थांबली, आणि तीही थांबली. पढवावंसं फार वाटलं. जिभेच्या टोकावर चांगली चांगली वाक्यं येत होती आणि ती एकेक गिळत होती. वर कुणाकडे तरी नळ सुटला आणि बंद झाला. भीती गेलेली नव्हती. मानेवर कुणाचा तरी गार श्वास लागावा तसं वाटत होतं, आणि शेजारच्या पोरीला श्वास आहे की नाही हे बघायची तिची हिंमत नव्हती. टेबलावर उंट आणि पिन यांचा खेळ रंगात आला होता.

बऱ्याच वेळाने शेजारून आवाज आला. बारीक, जरा घोगरा. तिच्या ओळखीचा नसलेला.

"तो लांबडा खोटं खेळतो."

ती हललीच नाही. हलली तर मोडेल असं वाटलं.

"सर्व्हिस टाकताना टेबलावर येतो पुढे. रोज. त्या टिचभर पोरीला कळत कसं नाही?"

"सांग ना मग तिला."

मुलगी उठली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटं काटकुळी होती. "मला खेळायचंय," ती म्हणाली.

"चल." तीही उठायला लागली.

"तुझ्याशी नाही."

पिनने तिला येताना पाहिलं आणि उंटाच्या हातातली बॅट ओढून घेतली. "हो बाजूला, चोरा. ए ओले केस, धर ही. आणि पाणी नको उडवूस माझ्यावर!"

मुलीने बॅट घेतली, तोलून पाहिली, आणि जिन्याकडे एकदा वळून पाहिलं. डाव्या भुवईला मधोमध एक जुना व्रण होता. तो कॉलेजताईने दिलेला नव्हता. कसा झाला, हेही तिला ठाऊक नव्हतं.