रुमालाच्या गाण्यानंतर

भारतने नव्या गाण्याचे दुसरे कडवे उचलले, तेवढ्यात डीजेवाल्याने मागचा आवाज खाली आणला. देवगाव रंगारीतल्या त्या लग्नघराच्या अंगणात मग नुसता त्याचा एकट्याचा गळा उरला.

"भारतभाऊ, रुमाल!" खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडले.

"रुमाल, रुमाल!"

नवरीचा भाऊ सत्यम हसत स्टेजजवळ आला. "भाऊ, हे नवं लई भारी आहे, पण लोकांना रुमालच पाहिजे. तुम्ही जरा दम घ्या. हळद दळून यायला टाइम आहे. हळद आली की एकदमच लावू."

भारतने माइक खाली ठेवला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी 'रुमाल टाक खिडकीतून, सिल्लोडच्या गाडीला' हे त्याचे गाणे वाजले होते आणि अजून वाजत होते. एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकणारा गडी आणि त्याच जागेवर येऊन बसणारी पोरगी, एवढेच त्यात होते. लग्नात ते लागले की म्हाताऱ्यांपासून सगळे खिशातले रुमाल काढून फिरवत. त्याच सीडीवर आणखी सात गाणी होती. ती कुणी ऐकली असतील, असे त्याला कधी वाटले नाही. नंतर त्याने पुष्कळ गाणी लिहिली, चाली बांधल्या. लोक दोन ओळी ऐकून घेत, तेही मान ठेवून.

सकाळी गारखेड्यातून निघताना तो बायकोला म्हणाला होता, "हे नवं आज उभं राहिलं नाही, तर लिहिणं बंद. रुमालावर जेवढं चालेल तेवढं चालवायचं." मेघाने डब्याचे झाकण तेवढे दाबून लावले.

पाणी प्यायला तो घराच्या मागच्या बाजूला गेला. तिथे पत्र्याच्या सावलीत चार-पाच बायका जात्याभोवती बसल्या होत्या. हळदीची पाकिटे दुकानातून केव्हाच आली होती, पण नवरीची आजी बानाबाई हिने हट्ट धरला होता, की अंगाला लागणारी पहिली हळद घरच्या जात्यावरचीच पाहिजे. स्वतः ती खुंट्याला हात लावत नव्हती. बाजूला बसून गाणे सांगत होती आणि बायका ते ओढत होत्या.

रांजणात तांब्या बुडवता बुडवता भारतचा हात थांबला.

*मेंढरांच्या मागं माय, माळोमाळी तिची चूल*
*लेक दिली थाऱ्यावर, दारी तिच्या जाईफूल*

हे त्याच्याच सीडीवरचे सहावे गाणे होते. भाड्याच्या खोलीत, कॉटवर बसून त्याने ते लिहिले होते. चाल थोडी संथ झाली होती, जात्याच्या फेऱ्याला बसेल अशी. तांब्या तसाच हातात धरून तो बायकांजवळ गेला आणि नकळत त्यांच्यात आवाज मिसळला.

"गावोगावी तिची चूल..."

"थांबा गं!" बानाबाईने हात वर केला. जाते थांबले. "गावोगावी नाय. माळोमाळी. गावात कोण ठेवून घेतंय मेंढरं? त्यांचा वाडा बसतो तो माळावरच."

"पण आजी, मूळ गाण्यात..."

"मूळ? माझ्या सासूचं गाणं हाय हे. तू कोण रं?"

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. "आजी, अवो गाणारे हायत ते. रुमालवाले."

"तूच व्हय तो!" बानाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "इतकी वर्सं झाली, मिळाली का नाय रं तुला गाडीत जागा?"

बायका खळखळून हसल्या. भारतही हसला. गाणे आपले आहे, हे सांगायचे शब्द ओठांवर आले होते. पण त्याची स्वतःची आईही मेंढरांमागे फिरली होती, आणि तिची चूल कधी गावात पेटली नव्हती. हे त्याला लिहिताना सुचले नव्हते. तांब्या खाली ठेवून त्याने विचारले, "बसू का?"

"बस. पर जात्यापाशी बसलं की आपली एक ओवी घालावी लागती. आपल्या माणसाची. नायतर ऊठ."

हळकुंडांचे तुकडे जात्यात पडले, खुंटा फिरला. कुणी भावाची ओवी घातली, कुणी मुंबईला गेलेल्या लेकाची. मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. भारत जमिनीवर बोटाने ताल धरू लागला. मग हळू आवाजात म्हणाला,

*माय राखते कोकरू, पदराच्या सावलीत*
*लेक गातो गाणं तिचा, परक्यांच्या हळदीत*

बानाबाईने ओळ मनात घोळवली. "माय राखते, हे झ्याक. पर परकं कोण हाय हितं? भावकीच्या म्हण. भावकीच्या हळदीत."

तो काही बोलायच्या आत बायकांनी ओळ उचललीही. *लेक गातो गाणं तिचा, भावकीच्या हळदीत.* दुसऱ्यांदा म्हणताना कुणालाच अडखळायला झाले नाही. जणू ती ओळ त्यांची पूर्वीपासूनचीच होती. भारत खाली मान घालून जात्याच्या पाळीवरची पिवळी पूड बोटाने आत लोटत राहिला.

सत्यम धावत आला. "भाऊ, इथं आहात होय! चला, पब्लिक रुमाल काढून बसलीय." मग तो क्षणभर ऐकत उभा राहिला. "हे कुठलं गाणं? चांगलंय की. तुमचं का?"

"नाही," भारत म्हणाला. "आजींच्या सासूचं आहे."

बानाबाईने मान डोलावली.

"बसू दे रं त्याला घटकाभर," ती नातवाला म्हणाली. "नवा हाय. गाणं पाठ व्हायचंय अजून त्याचं."