डाव्या हाताचा सांधा

सिरिलने शर्यतीच्या जुन्या गाडीच्या सीटखाली कोपरापर्यंत हात घातला, तसा तिचा आताचा मालक फेनविक हसला. "काका, चावत नाही ती."

"चावलीय एकदा."

नंबराची पाटी खरी होती. पाटीचा काय भरवसा? त्या काळी सांगाडा मोडला की नवा बांधायचे आणि जुनी पाटी त्यावर ठोकायचे. नाहीतर कागदांवरचा नंबर जुळत नाही म्हणून फ्रान्सच्या हद्दीवर गाडी अडायची.

हिरवा रंग. नवा.

उघडी चाकं, सिगारसारखं नाक. हे काय, कुणीही बनवेल.

टीमचा चालक ॲलेक याच नंबराच्या गाडीत गेला. वळणावर पुढचं चाक निखळलं. टीमचा वेल्डर सिरिल, त्याने जोडलेला सांधा सुटला, असं टीमच्या मालकाने जाहीर केलं आणि सांगाडा कुणाला न दाखवता हलवला. का? विचारायला सिरिलला तोंड नव्हतं. पुढे तो शेतांची फाटकं जोडत राहिला. ॲलेकची बायको डोरीन त्याच गावात. तीस वर्षं तिने त्याला ओळख दिली नव्हती. आज या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला तीही आली होती. गाडीपलीकडे, घडीच्या खुर्चीवर, ताठ.

बोटांना सांधा लागला. जोडावर ओतलेल्या पितळेच्या लहरी उलट्या. टीममध्ये डावखुरा वेल्डर एकच होता, तो स्वतः.

म्हणजे हीच.

तो गुडघ्यांवर सरकत पुढच्या चाकापाशी गेला. तिथल्या सांगाड्याच्या नळ्या कोऱ्या होत्या.

"इथलं जुनं कुठंय?"

फेनविक म्हणाला, टीमच्या त्या मालकाच्या कोठारात गाडी मिळाली तेव्हा पुढचा भाग गंजलेला होता. तपासणीवाले पास करेनात. कापला, भंगारात दिला.

"सांधा तुटलेला होता?"

"छे. मोडला होता तो चाकाचा दांडा, बाहेरून आणलेला. सांधा धडधाकट. कापताना करवतीची दोन पाती गेली आमची."

सिरिलवरच्या ठपक्याची ती गोष्ट याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. की कुणी आधीच कानात सांगितली होती? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून? सिरिल त्याचा चेहरा न्याहाळत राहिला.

डोरीनही त्याच्याचकडे बघत होती, तशाच नजरेने.

"परत सांग बाळा," ती म्हणाली. "हळू."

फेनविकने परत सांगितलं. पात्यांसकट.

डोरीनने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून गवतावर ठेवली. सिरिलला गुडघ्यांवरून उठायला वेळ लागला. मधे एक जण बसायला आला, त्याला तिने नुसती मान हलवून परत पाठवलं.