मागच्या खोलीला चुना

भिंतीतून रक्त आलं तेव्हा गर्दी आधी मागे सरली. मग पुढे घुसली.

"पाहिलंत?" भिंतवाले महाराज म्हणाले. त्यांच्या झारीतून पिवळं पाणी अजून ठिबकत होतं. "दिवाणखाना निर्मळ. आईची खोली निर्मळ. आणि इथे? भिंत खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो भिंतीआड राहणारा!"

भिंतीआड राहत होती माझी वहिनी. बाळंतपणापासून ती या मागच्या खोलीत, आणि दादा दिवाणखान्यात, आजारी बाबांच्या उशाशी.

"सूर्य मावळायच्या आत ही घराबाहेर गेली, तर म्हातारा उठून बसेल. बाळ मात्र इथेच राहील. बाळ घराचं आहे."

आईने वहिनीच्या कुशीतलं बाळ काढून घेतलं. दादा बाजूला सरकला.

आमच्याआधी गल्लीत दोन घरं तपासून झाली होती. एकातून धाकटी सून गेली, दुसऱ्यातून विधवा आत्या.

ऑइलपेंट

महाराजांची एकच अट: घर नुकतं रंगवलेलं हवं. जुन्या रंगाखाली म्हणे जुनी पापं दडून बसतात.

रंग कसा निवडतात, ठाऊक आहे ना? दुकानदार विचारतो, "खोली कोणती?"

दिवाणखाना? ऑइलपेंट द्या. पाहुणे येतात, डाग पुसता येतो.

आईची खोली? तोच द्या, नाहीतर आई बोलेल.

मागची? "तिथे कोण बघतंय," दादा म्हणाला होता. "चुना मारू."

चुना

मी आत गेले. वहिनी मोरीपाशी बसून बाळाचं झबलं धूत होती. त्यावरही ते पाणी उडालं होतं.

"वन्सं," तिने झबलं माझ्यापुढे धरलं. "हे बघा. आता कपड्यांतूनही येतंय."

साबण लागलेलं झबलं लाल झालं होतं.

"खरंच माझ्यातच काही असेल का हो?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी क्षणभर अंगावर काटा आला. मग मी झबलं नाकाशी नेलं.

"वहिनी, भाजीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की काय होतं?"

"लाल होतो. मग खळबळून काढला की पुन्हा पिव..."

ती थांबली. झबल्याकडे बघत राहिली.

बाहेर उन्हं उतरली होती.

धुण्याचा सोडा

सगळे अंगणात महाराजांच्या तोंडाकडे बघत बसले होते. मी मगभर पाण्यात सोडा कालवला आणि दिवाणखान्यात आईच्या खुर्चीमागची भिंत फडक्याने ओली केली. बाबांनी डोळे उघडून पाहिलं, पुन्हा मिटले.

"महाराज, तेवढा दिवाणखाना परत तपासा."

"एका भिंतीला दोनदा विचारत नाहीत, पोरी."

"का? साक्ष फिरवते की काय?"

दारातून कुणीतरी फिसकन हसलं. गर्दी आत आली, आई बाळाला घेऊन आपल्या खुर्चीत बसली. महाराज झारीकडे वळले, पण मी जवळ होते. झारी उचलून मीच पाणी शिंपडलं.

आईच्या डोक्यामागून लाल ओघळ उतरला.

आता कुणी हसलं नाही. शेजारच्या काकू पदर सावरत दोन पावलं मागे सरकल्या.

"मला तर आधीपासून वाटायचंच," मागून आवाज आला. "हिची नजर..."

"बाळ घ्या आधी तिच्याकडून!"

आईने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

त्या क्षणी मला महाराजांपेक्षा गल्लीची जास्त भीती वाटली. मी एवढ्या जोरात ओरडले की बाळ रडायला लागलं.

"हळद आहे ही! नुसती हळद!"

वहिनी पुढे झाली. झारीतलं पाणी तिने तळहातावर घेतलं: पिवळं. त्यावर सोडा चोळला: लाल. हात सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला.

"सोडा, साबण, ताजा चुना," मी म्हणाले, "यांतलं काहीही लागलं की हळद लाल होते. ऑइलपेंटवर पिवळीच राहते. चुना जुना झाला की त्याचा जोर जातो, म्हणून यांना घर नवं रंगवून हवं. आणि चुना आपण कुठे मारतो? ज्याची किंमत नाही, त्याच्या खोलीला. गुन्हेगार कोण, हे आपणच रंगवून ठेवतो. हे फक्त पाणी शिंपडतात."

मागे वळून पाहिलं तर महाराज नव्हते. झारी न्यायलाही थांबले नव्हते.

आईने बाळ पुढे केलं. वहिनीने ते घेतलं, छातीशी धरलं आणि दादाला विचारलं,

"मी बाहेर जाऊन राहणार होते कुठे? एवढा तरी विचार केला होता?"



भिंतीला कोणता रंग द्यायचा, ते ओल बघून ठरवा, ऊन बघून ठरवा. चुना वाईट नाही; भिंतीला श्वास घेऊ देतो. पण भिंत साक्ष देत नाही, आणि माणूस दोषी आहे की नाही हे झारीतून कळत नाही. पुढचा कुणी येईल तेव्हा त्याच्या झारीतलं पाणी त्याच्याच हातावर ओता, साबण लावा आणि विचारा, आता बोला.

आणि ती धाकटी सून, ती आत्या? त्यांच्याही खोल्यांना ताजा चुना होता. मी दोन्ही घरांत जाऊन सांगून आले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यांना परत आणायला अजून कुणी गेलेलं नाही.