शाबानात तिचा, ईदनंतर त्याचा

हुर्मतबी बागवान यांना पहिली मुलगी झाली, जैबुन, त्याच साली म्हणजे एकोणीसशे बासष्टमध्ये मी जन्मलो. मी एक जुना चंदनहार आहे, मित्रांनो. तीन पदरांचा, साडेनऊ तोळ्यांचा. जैबुन आणि मी एका वयाचे. तिला आईने नऊ महिने पोटात वागवले, मला गोरक्ष सोनाराने नाशिकच्या सराफ बाजारात आठवडाभरात घडवले. मी मराठी सोनाराच्या हातचा, म्हणून मराठीत सांगतो. बागवानांच्या घरात दखनी बोलतात. ती मला समजते, पण मला सांगायचे आहे ते सगळ्यांना कळले पाहिजे.

मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारे तेव्हाही होते. हुर्मतबीच्या नवऱ्याने मात्र फळांच्या धंद्यातली दोन वर्षांची कमाई घालून मला केले आणि बाळंतिणीच्या उशाशी ठेवले. माझी चांगली वर्षे तिथून सुरू झाली. मी लग्नात मिरवलो, बारशांना गेलो, अंगणात बोरे निवडताना हुर्मतबीच्या घामाने भिजलो. ती मला जपून ठेवत नसे, वापरत असे. सोन्याला तेच बरे वाटते.

दर वर्षी रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानात, ती मला फडक्यात गुंडाळून गोरक्षकडे वजनाला नेई. गोरक्ष तिची थट्टा करी.

"बी, सोन्याला काय पोट सुटतं? गेल्या साली भरला तेवढाच भरणार."

"तू तोल तर खरा. तुझ्या काट्यावर माझा भरवसा नाही."

"मग दुसऱ्या सोनाराकडे जा!"

"तो चहा पाजत नाही."

मग भाव विचारून ती चाळिसावा भाग काढी. तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुसलमान माणसाकडे साडेसात तोळे सोने, किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक, चांदाच्या हिशेबाने पुरे वर्ष राहिली, तर तिचा चाळिसावा भाग गरिबाला द्यावा लागतो. त्याला जकात म्हणतात. हे दान नव्हे. दान मनाला आले तर द्यायचे असते. जकातीचा भाग आपल्या घरात असला तरी आपला नसतो, दुसऱ्याचा असतो. हुर्मतबीजवळ रोकड नसे. मी गळ्यात असताना ती चटईवर बसून उरलेली बोरे विकी आणि माझी जकात भरी. हसणारे हसत. ती म्हणे, "हार घालायला लाज नाही वाटत, तर बोरं विकायला का वाटावी?"

दोन हजार तीन साली हुर्मतबी गेल्या. नवरा आधीच गेला होता. मागे जैबुन आणि तिचा धाकटा भाऊ मुख्तार. शरियतच्या वाटणीत भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. म्हणजे माझ्या तीन पदरांपैकी एक जैबुनचा. चाळिसाव्या दिवसाची जेवणे उरकली आणि मुख्तार बहिणीजवळ बसला. आवाज असा ओला केला की मला वाटले, हा आता रडतो.

"आपा, अम्मीचा हार आहे. तोडायचा का? घरातच राहू दे ना."

जैबुन म्हणाली, "राहू दे. मी माझा हिस्सा माफ केला."

बहिणींनी असे म्हणायचे असते, अशी आपल्याकडची रीत आहे. न म्हणणाऱ्या बहिणीला लोक लालची म्हणतात. मुख्तारने डोळे पुसले आणि मला उचलून लोखंडी कपाटात टाकले. किल्ली खिशात.

आता या मुख्तारविषयी सांगतो. पंचवटीत त्याचा फळांचा गाळा, गंगापूर रोडला दुकान, वडाळा रोडला बंगला. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला पहिल्या रांगेत. कपडे इतके पांढरे, की त्यांच्याकडेच बघत राहावे आणि माणसाकडे बघूच नये. त्याच्या जकातीचा दिवस रमजानचा पहिला रोजा. त्या दिवशी त्याच्या मालकीचे जे असेल त्याचा हिशेब व्हायचा. तर या गृहस्थाने युक्ती काढली. शाबान संपायच्या आत मला बायकोला देऊन टाकायचे. पहिल्या रोज्याला मी त्याचा नाही, म्हणून त्याच्यावर माझी जकात नाही. ईद झाली की बायकोने मला परत त्याला द्यायचे. तिच्याकडे वर्ष पुरे झाले नाही, म्हणून तिच्यावरही नाही. पुढच्या शाबानात पुन्हा तिचा. असा मी बावीस वर्षे कुणाचाच नव्हतो.

नुसते मनात दिले तर ती देणगी होत नाही. तोंडाने म्हणावे लागते आणि हातात द्यावे लागते. म्हणून दर वर्षी दोनदा हा तमाशा होई. मुख्तार मला कपाटातून काढी आणि नफीसा स्वयंपाकघरातून येई. नफीसा ही त्याची बायको.

"नफीसा, हा हार मी तुला दिला."

"कबूल. लवकर करा, हात पिठाचे आहेत."

तिच्या तळहातावर मी एक क्षण टेकायचो आणि पुन्हा कपाटात. तोच कप्पा, तीच मखमलीची डबी, किल्ली त्याच खिशात. मी बोटभर हललो नाही आणि चव्वेचाळीस वेळा मालक बदलले. अल्लाला हिशेबात गुंडाळता येते असे समजणारा माणूस मी जवळून पाहिला आहे, मित्रांनो. तो हुशार नसतो. पहिल्या रोज्याला, माझे नाव गाळून, तो सुटकेचा श्वास सोडी. इतका हलका माणूस मी काट्यावरही पाहिला नाही.

नफीसा कधी कधी बोले. "अजी, दुधाच्या पिशवीला पैसे मागितले तर तोंड वाकडं करता, आणि दर साल साडेनऊ तोळे देता. माझ्यासारखी नशीबवान कोण?"

"तू नको अक्कल शिकवू," मुख्तार म्हणे.

बाकीची जकात तो देई, नाही असे नाही. दूधबाजारात रमजानच्या तोंडावर 'जकातीचा कपडा' म्हणून वेगळा माल मिळतो. दुकानदार स्वतःच सांगतो, घालायचा असेल तर हा घेऊ नका, वाटायचा असेल तर घ्या. मुख्तार त्याचा गठ्ठा आणी आणि गाळ्यावरच्या हमालांना रांगेत उभे करून वाटी. फोटो निघत. दुपारपर्यंत ते मोबाईलच्या स्टेटसवर जात.

दोन हजार पंचवीसचा शाबान आला. जैबुनच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. तिचा नवरा शिंपी होता, तो कधीच वारला होता. भद्रकालीतल्या एका खोलीत ती आणि तिची मुलगी तस्लीम राहत. जैबुन काज-बटणे करी, तस्लीम दुकानात कामाला जाई. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लांबवू नका. सरकारी योजनेतून बराचसा खर्च निघत होता. वरच्या खर्चासाठी तस्लीमने जमवाजमव केली, तरी वीस हजार कमी पडत होते. त्या दिवसाच्या भावाने माझी एका वर्षाची जकात साधारण तेवढीच होत होती.

जैबुन भावाकडे आली तो नेमका तमाशाचा दिवस. मी डबीतून निघून टेबलावर पडलो होतो. बहिणीचा आवाज ऐकताच मुख्तारने माझ्यावर वर्तमानपत्र टाकले. जिना चढून आलेल्या जैबुनचा श्वास मला कागदाखालून ऐकू येत होता. ती बसली, पाणी प्यायली, आणि न घुटमळता म्हणाली, "मुख्तार, वीस हजार कमी पडतात रे."

"आपा, तुला कळत नाही का, माल सगळा बागेत अडकलाय. द्राक्षाचे पैसे सुटायचेत. हे घे, रमजानचं आणलंय तुझ्यासाठी."

जकातीच्या गठ्ठ्यातला एक सलवार-सूट होता. जैबुनने तो दोन बोटांत धरला. शिंप्याची बायको होती ती.

"पहिल्या पाण्यात याची मच्छरदाणी होईल," ती म्हणाली. "डास तरी चावणार नाहीत."

नफीसा हसली. जैबुनची नजर टेबलावर गेली. माझा एक पदर कागदाबाहेर लोंबत होता.

"अम्मीचा हार ना हा?"

तिने कागद सरकवून मला उचलले. हुर्मतबी गेल्यापासून तिने मला हात लावला नव्हता. तिची बोटे थंड होती आणि नखे निळसर झाली होती. तिने माझे तिन्ही पदर सरळ केले, थोडा वेळ तसेच धरले आणि मला जिथल्या तिथे ठेवून दिले. माझ्यातला एक पदर तिचा होता. सूटची पिशवीही तिने खुर्चीवर ठेवली आणि कठडा धरत जिना उतरून गेली.

दार लागल्यावर नफीसा म्हणाली, "जकातीतून द्या ना आपांना."

"सख्ख्या बहिणीला जकात चालत नाही."

"चालते. आईबाप, मुलंबाळं, नवराबायको यांना चालत नाही. बहिणीला चालते, उलट सवाब जास्त मिळतो. आमच्या बायकांच्या इज्तेम्यात मौलानांनी सांगितलंय."

"पण माझ्यावर बसते कुठं? हार तर तुझा."

"माझा ना? मग आणा इकडं, मी विकते आणि आपांना देते."

मुख्तार हसला. "अगं, ते नावापुरतं असतं."

"नावापुरतं असेल तर हार तुमचा, आणि बावीस सालांची जकात तुमच्या डोक्यावर. खरं असेल तर हार माझा. दोन्ही कसं चालेल?"

मुख्तारने मला डबीत कोंबले. "हा घे, दिला."

"कबूल," नफीसा म्हणाली. तिचा आवाज मी तसा पूर्वी ऐकला नव्हता.

त्याने डबी तिच्या हातातून काढली, कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली. "आपाचं ईदनंतर बघू."

जिने आईच्या हाराचा तिसरा हिस्सा सोडून दिला होता, तिला याच्याने चाळिसावा देववला नाही. अशा माणसाला कंजूस म्हणणे हा कंजुसांचा अपमान आहे. कंजूस निदान स्वतःचे जपतो.

ईदनंतर चार दिवसांनी कपाट उघडले. मुख्तारने मला नफीसाच्या हातात ठेवले आणि स्वतःचा तळहात पुढे केला.

"म्हण, दिला."

नफीसाने मला गळ्यात घातले. मागचा फासा लावायला तिला वेळ लागला, कारण इतक्या वर्षांत तिने मला कधी घातलेच नव्हते.

"अगं, म्हण ना."

"नाही दिला."

"नफीसा, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? तोंडाने दिलात, हातात दिलात, मी कबूल म्हटलं. आता इमामसाहेबांना विचारा, नाहीतर चार माणसं बोलवा. सगळ्यांना सांगा, बायकोला दिलेला हार परत पाहिजे. का दिला होता तेही सांगा."

मुख्तार कुणाला विचारायला गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? आपल्याच युक्तीत माणूस असा अडकलेला पाहायला मजा येते. मला आली, मी खोटे बोलणार नाही. पण ती पुरी आली नाही, कारण जिच्यासाठी हे व्हायला हवे होते ती तोवर राहिली नव्हती.

त्याच दुपारी नफीसा मला घालून सराफ बाजारात गेली. गोरक्षच्या गादीवर आता त्याचा नातू बसतो. तिने त्याला माझे तिन्ही पदर सुटे करायला सांगितले. तो कचरला. म्हणाला, "काकू, जुनं काम आहे, असं आता होत नाही. मोडू नका."

"मोडायचा नाही. वाटायचा आहे."

एक पदर तिने तस्लीमच्या हातात ठेवला. तो तिच्या आईचा हिस्सा होता, उपकार नव्हता, आणि नफीसाने तसे स्पष्ट सांगितले. दुसरा पदर विकून बावीस वर्षांची माझी चुकवलेली जकात त्या त्या वर्षीच्या भावाने भरली. मोहल्ल्यातल्या दोन विधवांकडे रोख पैसे गेले. कपडा नाही, फोटो नाही.

तिसरा पदर म्हणजे मी. आता मी तीन तोळ्यांचा उरलो आहे. नफीसाजवळ दुसरी शिल्लक नाही. ती मला रोज घालते, भाकरी थापताना मी पुढे लोंबतो आणि मला पीठ लागते. गंमत बघा, आता माझ्यावर जकात बसतच नाही. मुख्तार बावीस वर्षे ज्यासाठी धडपडला ते आता सरळ मार्गाने झाले. त्याला मात्र आनंद झालेला दिसत नाही. तो रोज ते रिकामे कपाट उघडून बघतो आणि पुन्हा किल्ली लावतो.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. सोने घ्या, घाला, पोरींना द्या. पण ते कपाटात कोंडून वर देवाला हिशेब शिकवू नका. आणि ज्याचा भाग तुमच्या घरात पडून आहे, त्याला ईदनंतर ये म्हणू नका.

जैबुन रमजानच्या बाविसाव्या रोज्याला, रविवारी, २३ मार्च २०२५ रोजी सकाळी भद्रकालीतल्या तिच्या खोलीत वारली. ती बासष्ट वर्षांची होती. ईद आठ दिवसांवर होती.