बोटीवरचे पप्पा

रश्मीच्या नवऱ्याने, अजितने, पनवेलला दुसरं घर केलं, त्याला चार वर्षं होत आली होती. रश्मीने मात्र गावात सांगून ठेवलं होतं की तो बोटीवर लागलाय. नागावच्या आसपास बोटीवर गेलेली माणसं काही कमी नव्हती, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. नणंदेला खरं माहीत होतं, पण भावाची अब्रू म्हणून तीही गप्प राहिली. मुलीला, क्रांतीला, तर रश्मी बोटीचा ठावठिकाणासुद्धा सांगायची. आता दुबईला माल उतरवतायत, आता कोलंबोला हायेत, तिकडं रेंज न्हाय गं. सांगता सांगता तिची तिलाच ती बोट दिसायला लागली होती. ती कामाला होती त्या होमस्टेमधल्या चादरी वाळत घालताना समुद्रावर एखादं जहाज दिसलं, तर ती क्षणभर थांबून बघत राही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुंबईची एक संस्था वह्या-दप्तरं वाटायला गावात आली. मराठी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं आणि आया अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या. संस्थेच्या बाई साध्या, मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माइकवरून सांगितलं, "वह्या सगळ्यांनाच आहेत. पण ज्यांचे वडील नाहीत किंवा सोडून गेलेत, त्या मुलांना दप्तर, बूट, रेनकोट आणि वर्षभराचं सगळं सामान देणार आहोत. देणगी तेवढीच जमली. बाकीच्यांनी राग मानू नका."

क्रांतीचं नाव फक्त वह्यांच्या यादीत होतं. सातवीतली, अंगाने किडकिडीत मुलगी. ती पुढे गेली, वह्या छातीशी धरल्या आणि तिथेच उभी राहिली.

"काय गं बाळा?" बाईंनी विचारलं. माइक त्यांच्या हातातच होता.

"मला पण दप्तर पायजे."

वर्गशिक्षिका प्रणाली मॅडम पुढे झाल्या. "अगं, तुझे पप्पा बोटीवर आहेत ना?"

"न्हाईत," क्रांती म्हणाली. "पनवेलला हायेत. तिकडं त्यांची दुसरी बाई हाय. बाळ पण हाय."

तिचा आवाज बारीक होता, पण माइकमुळे तो पार वडाखाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांपर्यंत गेला. रश्मीला वाटलं, आपण उठून पळावं.

बाईंनी माइक खाली ठेवला. "हिची आई आलीय का?"

रश्मी उठली. बायांच्या मधून वाट काढत टेबलापाशी गेली. क्रांतीने तिच्याकडे पाहिलं नाही, तिची नजर दप्तरांच्या ढिगावर होती.

"ताई, खरं आहे का हे?" बाईंनी हळूच विचारलं.

नाही म्हणावं, तर पोर अख्ख्या गावापुढे खोटी पडत होती. रश्मीने मान खाली घातली. "खरं हाय," ती म्हणाली.

क्रांतीला निळं दप्तर मिळालं, बूट मिळाले. संस्थेच्या फोटोसाठी मायलेकींना शेजारी उभं केलं. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, "थोडं हसा ना, ताई." रश्मी हसली.

घरी जाताना दोघी बांधावरून एकीमागे एक चालत होत्या. मग रश्मीने पुढे बघतच विचारलं, "तुला कदी कळलं?"

"पाचवीत असताना. आत्याच्या मोबाइलमध्ये फोटो होता. पप्पांच्या मांडीवर बाळ होतं."

"दोन वर्सं? मग बोललीस का न्हाय मला?"

"तू बोटीचं सांगायचीस ना," क्रांती म्हणाली. "सांगताना तुला बरं वाटायचं."

रश्मी थांबली. पोरीने मागून येऊन तिच्या हातातली बुटांची पिशवी घेतली. "आई, जुनं दप्तर पार फाटलंय. वह्या भिजतात. म्हणून बोलले मी. रागावलीस?"

"न्हाय गं," रश्मी म्हणाली. तिला खरंच राग आला नव्हता. दोन वर्षं ही पोर आपल्यासमोर बसून दुबई, कोलंबो ऐकत होती, मान हलवत होती, आणि पप्पांना तिकडं गरम होत असेल का म्हणून विचारतही होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती कामावर गेली. होमस्टेच्या मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. फक्त दुपारी आपल्या दोन जुन्या साड्या पिशवीत घालून दिल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं तुला." अशा साड्या त्यांनी आजवर कधी दिल्या नव्हत्या. रश्मीने पिशवी घेतली. परतताना तिने समुद्राकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा क्रांती दारात बसून नव्या वह्यांवर नाव घालत होती. दप्तर शेजारीच होतं, अजून प्लास्टिकमध्ये. रश्मी पाणी पिऊन तिच्यामागे येऊन उभी राहिली. अक्षर वळणदार होतं. क्रांती अजित तांबे. दुसरी वही, पुन्हा तेच. तिसरी वही. 'अजित' लिहिताना पोर जरा जास्तच जपून लिहीत होती.

आई बघतेय हे लक्षात आल्यावर तिचं पेन थांबलं.

"शाळेत असंच लावलंय नाव," ती म्हणाली.

"लिही," रश्मी म्हणाली, आणि कोऱ्या वह्यांची चळत तिच्याजवळ सरकवून तिथेच उंबऱ्यावर बसली.