छबूची सही सांभाळणारा पेनड्राइव्ह

मित्रांनो, टोपण हरवलेला, एका कडेला चीर गेलेला, बोटभर लांबीचा असा मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टेबलाच्या खणात घड्याळाच्या सुट्या काट्यांची एक पत्र्याची डबी आहे, तिच्यात माझा मुक्काम असतो. माझ्याकडे बघून कुणी दुसऱ्यांदा मान वळवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका दिवसात तयार झाली आणि खोक्यांत भरून जगभर पांगली. मी एका दुकानात काचेमागे लटकत होतो. कुणीतरी मला घेईल, माझ्यात लग्नाचे फोटो भरेल, गाणी भरेल, अशी स्वप्नं मी बघत होतो. मला विकत घेतलं ते छबूनं. छबू हे तिचं घरातलं नाव. बाहेर सगळे तिला ताई म्हणायचे. तिनं मला घरी नेलं, माझ्यावर एक लांबलचक पासवर्ड घातला आणि माझ्यात काय ठेवलं म्हणता? एकच फाइल. तीही एवढीशी, पत्राच्या अर्ध्या पानाएवढी! मला भयंकर अपमान वाटला. एवढी मोठी कोठी आणि आत एक दाणा?

पुढे कळलं की तो दाणा म्हणजे छबूची सही होती.

छबूचे बाबा घड्याळजी होते. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बसवली आणि साठी ओलांडता ओलांडता त्यांची नजर पूर्ण गेली. छबू एका कार्यालयात संगणकाचं काम करायची. तिनं बाबांसाठी एक वाचक बनवला, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो इतका छान जमला की आणखी दोनेकशे अंध माणसं आणि एक अंधशाळा तो वापरू लागली. त्यांच्यासाठी तिनं कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर भांडार उघडलं. वाचकात काही सुधारणा केली की ती त्या भांडारात ठेवायची, आणि सगळ्यांचे संगणक रोज सकाळी तिथे डोकावून नवीन काही असलं तर आपापलं घेऊन जायचे.

पण मित्रांनो, वाटेत कुणी लबाडानं तिथे भलतंच काही आणून ठेवलं तर? संगणकाला कसं कळणार? म्हणून दर रविवारी सकाळी चहा झाला की छबू इंटरनेटची तार काढायची, मला डबीतून बाहेर काढून संगणकाला लावायची आणि भांडारातल्या यादीवर सही करायची. त्या यादीत प्रत्येक वस्तूचा ठसा असे, म्हणजे आत एक अक्षर बदललं तरी बदलणारी खूण. सही करणारी किल्ली फक्त माझ्यात. ती सही ओळखणारी तिची जोडीदार किल्ली मात्र प्रत्येकाच्या संगणकात. यादीवरची सही पटली आणि वस्तूचा ठसा जुळला, तरच संगणक ती वस्तू घरात घेणार. नाहीतर दारातूनच परत.

एकदा भांडारातली एक फाइल वाटेत खराब झाली. एका अक्षराचा फरक पडला असेल नसेल, पण दोनशे संगणकांनी एकजात तोंड फिरवलं. अंधशाळेच्या बाईंचा घाबरून फोन आला. "अहो ताई, सगळे कॉम्प्युटर अडून बसलेत! काय करू, तपासणी बंद करून टाकू का?"

"मुळीच नको," छबू म्हणाली. "तो नाही म्हणतोय ना, म्हणजे काहीतरी कारण आहे. त्याला गप्प करायचं नाही. मला विचारायचं." फोन ठेवल्यावर तिनं मला उचलून चक्क माझी पापी घेतली. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण ते मला पुरलं.

बाकी सगळ्यांच्या वाचकाला यंत्राचा सपाट आवाज होता. बाबांच्या वाचकाला मात्र छबूचा स्वतःचा आवाज होता. महिनाभर ती बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून कपाटात रजया लावून, घामाघूम होऊन, एकेक शब्द बोलून भरत होती. हा आवाज तिनं फक्त बाबांसाठी केला होता. छबू कामावर गेली की संगणकातली छबू बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि बाबा तिला दटावायचे, "अगं हळू वाच, आगगाडी सुटलीय का?" हे ऐकून शेजारपाजारचे हसायचे.

मग छबू आजारी पडली. डोक्यात गाठ होती. दवाखान्यात गेली तेव्हा मला आणि लॅपटॉपला सोबत घेऊन गेली, कारण सहीच्या किल्लीला एका वर्षाची मुदत असते आणि ती वाढवायची वेळ जवळ आली होती. पलंगावर बसून तिनं मला लावलं. पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिचा मोठा भाऊ, दादा, शेजारी बसला होता. तो फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. तो म्हणाला, "मला सांग, मी टाइप करतो."

"कुणाला सांगायचा नसतो रे तो," ती म्हणाली. बराच वेळ ती बोटं बटणांवर ठेवून बसली. मग हुंदका आला. "दादा, मला आठवतच नाहीये. काल होता. आज नाहीये."

"राहू दे गं. बरी झालीस की बघू." दादानं लॅपटॉप मिटला. मी अजून त्यालाच लावलेला होतो. बाहेर काढायचंसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

छबू बरी झाली नाही. ती गेली, मित्रांनो. एवढं वाक्य बोलायलासुद्धा मला जड जातं.

कार्यालयातून एक माणूस लॅपटॉप न्यायला आला, तेव्हा दादानं मला उपसून डबीत टाकलं. लॅपटॉप पुसून दुसऱ्या कुणाला तरी दिला गेला. कोपऱ्यातला जुना संगणकही पुसून कुठेतरी देऊन टाकला. दादा बाबांच्या सोबतीला राहायला आला. आणि काही आठवड्यांनी, एका सकाळी, सहीची मुदत संपली. संगणक सुरू झाल्याबरोबर छबूच्या आवाजात बोलला, "बाबा, सहीची मुदत संपली आहे. मी नवीन काही घेणार नाही."

हे वाक्यही तिनंच कधीतरी कपाटात बसून बोलून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "बरं, नको घेऊस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी ती बजावायची आणि रोज बाबा समजूत घातल्यासारखे म्हणायचे, "बरं, नको घेऊस हो." मला तर वाटतं, बाबा त्यासाठीच लवकर उठायचे. इतर वेळी ती नुसतं लिहिलेलं वाचायची. हे एकच वाक्य ती बाबांशी बोलायची.

दादाला मात्र ते सोसवेना. तो स्वयंपाकघरात चहा ठेवायचा आणि ते वाक्य कानावर पडलं की गॅस बंद करून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. शेवटी त्यानं कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला. "रोज एकच रड आहे हो. सही संपली, सही संपली."

"तपासणीच बंद करून टाका की," दुकानदार म्हणाला. "एक ओळ सांगतो, ती टाका. गप्प बसेल."

मी डबीत होतो. काट्यांच्या गर्दीत आपटून आपटून मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठलं! दादानं ती ओळ टाकली. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. तुटलेलं दिसलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्याला माहीत. पण तिथे काही तुटलेलंच नव्हतं. सही संपली असतानाही रखवालदार इमानानं दार अडवून उभा होता, आणि दादानं त्यालाच हाकलून दिलं.

दुसऱ्या सकाळी बाबा टेबलापाशी येऊन बसले. "आज काही बोलली नाही रे?"

"दुरुस्त केलं, बाबा."

"बरं झालं," बाबा म्हणाले. तरी पुढे कितीतरी दिवस ते उठल्या उठल्या टेबलापाशी येऊन गुपचूप थांबत.

दोन महिने गेले. छबूच्या भांडाराच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची मुदतही संपली आणि तो पत्ता कुणा परक्यानं उचलला. त्यानं तिथे वाचकाच्याच नावाचं काहीतरी ठेवलं आणि त्याला छबूच्या वाचकापेक्षा मोठा क्रमांक दिला. संगणक बिचारा क्रमांक बघतो. मोठा क्रमांक म्हणजे नवीन. तपासणी चालू असती, तर सही कुठे आहे म्हणून विचारलं असतं. आता विचारणारं कुणी नव्हतं. संगणकानं नवीन वाचक घरात घेतला, आणि छबूचा आवाज त्याच्याशी जुळत नाही म्हणून तो पुसून टाकला.

त्या सकाळी बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. एक अनोळखी, गुळगुळीत आवाज बोलू लागला. बातमीच्या मध्येच जाहिराती सांगू लागला.

"छबू?" बाबा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "छबू, थांब जरा. कोण बोलतंय हे?"

दादा धावत आला. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली. तेवढ्यात अंधशाळेच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "दादा, ताईंच्या भांडारात कुणीतरी शिरलंय हं, सांभाळा. आमचे कॉम्प्युटर सही पटत नाही म्हणून कधीचे अडून बसलेत. ताईंनी बजावलं होतं ना, त्याला गप्प करायचं नाही म्हणून. आम्ही हातसुद्धा लावला नाही. तुमच्याकडे ठीक आहे ना सगळं?"

दादानं कसंबसं विचारलं, "तिचा तो पेनड्राइव्ह आहे माझ्याकडे. त्यात तिचा आवाज असेल का?"

"नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "त्यात फक्त सहीची किल्ली. त्याच्यात दुसरं काही ठेवायचं नाही, असा त्यांचा नियमच होता."

दादा खणाशी बसून ढसाढसा रडला. "मीच घालवली तिला," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते चाचपडत आले, डबीत बोटं घातली आणि मला बाहेर काढलं. घड्याळजीची बोटं ती, माझी चीर त्यांना लगेच लागली.

"हा तिचा ना रे? पासवर्ड मागतो, म्हणजे आत काहीतरी आहेच. आवाज तिनं यातच ठेवला असणार. अशी कशी विसरेल ती?"

बाई काय म्हणाल्या ते दादानं त्यांना सांगितलं नाही. त्यानं खुर्ची पुढे ओढून दिली.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा मला संगणकाला लावतात. दादा शेजारी बसतो. "लहानपणी ती आपल्या मांजराला काय म्हणायची रे?" बाबा विचारतात. दादा सांगतो. बाबा एकेक बटण चाचपून तो शब्द टाकतात. तो परका आवाज म्हणतो, "पासवर्ड चुकला." बाबा म्हणतात, "असू दे, उद्या दुसरा बघू," आणि मला रुमालानं पुसून डबीत ठेवतात. इतकी निगा माझी कधीच कुणी राखली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र अडून बसलं, नाही म्हणालं, तर त्याच्यावर चिडण्याआधी ते का नाही म्हणतंय एवढं विचारा. आणि आपल्या माणसाचा आवाज एकाच जागी ठेवू नका, दोन ठिकाणी ठेवा, तीन ठिकाणी ठेवा. माझ्यात केवढी जागा रिकामी पडून होती!

आणि आमचा दादा तुम्हाला कधी भेटलाच, तर त्याला सांगा, की बाबांना खरं काय ते सांगून टाक. कारण बाबा चिकाटीचे आहेत. एखाद्या सकाळी त्यांना तो शब्द सापडेल, मी उघडेन, आणि ते कान देऊन बसतील.